फायर कंपनीचे पेजिंग टोन स्कॅनरवर शोधायचे असतील तर आधी पीएल बाजूला ठेवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पूर्व पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या टाउनशिपमध्ये राहता, मुलगी तिथल्या व्हॉलंटियर फायर कंपनीत, म्हणजे स्वयंसेवकांच्या अग्निशमन दलात, ज्युनियर म्हणून जॉइन झालीये आणि तुम्ही युनिडेनचा बीसीटी१५एक्स स्कॅनर, म्हणजे वेगवेगळ्या चॅनलवरचं रेडिओचं बोलणं ऐकायचं यंत्र, घेतलाय. काउंटीच्या डिस्पॅच चॅनलवर, म्हणजे गाड्या पाठवणाऱ्या नियंत्रण कक्षाच्या चॅनलवर, दिवसभर सगळ्या गावांचे कॉल चालू असतात, ते सगळे ऐकायचे नाहीयेत, फक्त तिच्या स्टेशनचा कॉल आला की स्कॅनर बोलायला हवा. स्क्रीनवर १३१.८ असा आकडा दिसला, तो तुम्ही टोन-आउटमध्ये (ठरावीक टोन आले तरच स्कॅनर बोलेल अशी सोय) टोन ए म्हणून टाकला आणि तेव्हापासून स्कॅनर मुका झालाय. शिवाय बोलण्याआधी कधी दोन टोन येतात, कधी सहा, त्याने गोंधळ वाढलाय. आणि शेवटी सहज विचारलंय की जुना स्कॅनर पुण्याला भावाला पाठवला तर चालेल का.

मी बरीच वर्षं हा छंद करतोय, हॅम लायसन्स (हौशी रेडिओचा परवाना) आहे, आणि आमच्या इथल्या फायर कंपनीचे पेजर प्रोग्रॅम करायला मदत करतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी हे पाहिलंय, ऐकणाऱ्याच्या आणि टोन लावणाऱ्याच्या. माझं म्हणणं सरळ आहे: टोनचा आकडा काढणं हा यातला सोपा भाग आहे, एक स्वच्छ रेकॉर्डिंग मिळालं की पाच मिनिटांचं काम. खरी मेहनत आहे ती कुठली जोडी कुठल्या स्टेशनची हे खात्रीने ठरवण्यात, आणि तिथेच लोक घाई करतात.

आधी १३१.८ चं बघू, कारण तिथेच गाडी अडलीये. तो पेजिंग टोन नाहीये. तो सीटीसीएसएस, ज्याला इथे सगळे पीएल म्हणतात. ट्रान्समीटर चालू असेपर्यंत आवाजाच्या खाली सतत चालणारा एक हळू टोन, ६७.० पासून २५४.१ हर्ट्झपर्यंतच्या ठरावीक यादीतला. रेडिओ तो बघून स्क्वेल्च, म्हणजे आवाज बंद ठेवणारं दार, उघडतो, म्हणजे शेजारच्या काउंटीचा त्याच फ्रिक्वेन्सीवरचा आवाज तुमच्याकडे घुसत नाही, एवढंच त्याचं काम. तो तुमच्या कानापर्यंत पोचतच नाही कारण स्पीकरकडे जायच्या आधी साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं गाळून टाकलं जातं. आणि मुख्य म्हणजे तो सगळ्या काउंटीला एकच असतो, कारण ट्रान्समीटर एकच, त्यामुळे त्यावरून गाव ओळखता येणं शक्यच नाही. त्याला चॅनलच्या सेटिंगमध्ये राहू द्या, तिथे तो उपयोगी आहे, टोन-आउटमधून मात्र काढून टाका.

आता पेजिंग टोन. हे कशासाठी आहेत ते माहीत असलं की पुढचं सोपं जातं. आपल्याकडे मुंबईत किंवा पुण्यात अग्निशमन केंद्रात जवान ड्युटीवर हजर असतात, वर्दी आली की केंद्रातूनच गाडी निघते. अमेरिकेत निम्म्याहून जास्त फायरफायटर व्हॉलंटियर आहेत, ते घरी असतात, दुकानात असतात, रात्री झोपलेले असतात. त्यांना जागं करायचं तर प्रत्येकाकडे एक छोटा रिसीव्हर हवा जो एरवी गप्प बसेल आणि फक्त आपल्या स्टेशनची हाक आली की उघडेल. मोटोरोलाचा मिनिटॉर पेजर तुम्ही मुलीच्या स्टेशनमध्ये कुणाच्या ना कुणाच्या पट्ट्याला पाहिला असेल, तोच तो. त्याच्या आत दोन आकडे भरलेले असतात, टोन ए आणि टोन बी. आधी ए साधारण १ सेकंद, लगेच पाठोपाठ बी साधारण ३ सेकंद, दोन्ही जुळले की पेजर ओरडतो आणि मग डिस्पॅचरचा आवाज सोडतो. याला टू-टोन सिक्वेन्शियल म्हणतात, मोटोरोलाचं नाव क्विक कॉल टू. याच टोनवर फायरहाउसच्या छतावरचा सायरनसुद्धा चालू करता येतो. कधी एकच टोन लांबलचक, ८ सेकंदांच्या आसपास वाजतो, तो ग्रुप कॉल, म्हणजे एका टोनवर बरीच मंडळी उठवायची.

म्हणजे तुम्हाला कधी सहा टोन ऐकू येतात ते काही वेगळं प्रकरण नाही. मोठी आग किंवा हायवेवरचा अपघात असला की डिस्पॅचर तीन स्टेशनं एकदम काढतो, तीन जोड्या एकामागून एक वाजतात आणि शेवटी एकदाच बोलणं होतं. छोटा-लांब, छोटा-लांब, छोटा-लांब असं ऐका, लगेच कळेल. लांब टोन संपला की एक जोडी संपली.

पण हे सगळं सगळीकडे असंच असेल असं नाही, आणि इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. काही ठिकाणी टोनचे कालावधी वेगळे ठेवलेले असतात. जुन्या क्विक कॉल वनमध्ये दोन टोन एकाच वेळी आणि मग परत दुसरे दोन एकाच वेळी येतात. काही कंपन्या डीटीएमएफवर चालतात, तो फोनच्या बटणांचा आवाज तुम्ही लगेच ओळखाल. आणि बोलणं संपताना जो छोटासा "ब्रर्र" असा आवाज येतो तो बहुतेक वेळा एमडीसी, म्हणजे रेडिओचा आयडी, त्याचा पेजिंगशी संबंध नाही. तुमच्या वर्णनावरून, एक छोटा आणि एक लांब, स्पष्ट वेगळ्या सुरातले, हे टू-टोनच आहे, त्यामुळे पुढचं सगळं तेच धरून लिहितोय.

रेकॉर्डिंग कसं करायचं यावर जरा जास्त बोलतो कारण इथलं बिघडलं की पुढचं सगळंच बिघडतं.

पहिली गोष्ट, स्कॅन बंद करा आणि पेजिंग चॅनलवर होल्ड करून ठेवा. स्कॅनर वीस-तीस चॅनल फिरत असेल तर तो पेजिंग चॅनलवर पोचेपर्यंत १ सेकंदाचा टोन ए निम्मा किंवा अख्खाच निघून गेलेला असतो, आणि तुमच्या हाती फक्त बी लागतो. मग लोक म्हणतात आमच्या गावाला एकच टोन आहे. तसंच रेकॉर्डिंग करताना पीएल तपासणी तात्पुरती बंद ठेवलेली बरी, कारण पीएल ओळखून स्क्वेल्च उघडायलाही थोडा वेळ जातो आणि तो वेळ टोन एच्या खिशातून जातो.

दुसरी गोष्ट, फोन स्पीकरसमोर धरून रेकॉर्ड करू नका. फोनमधली बरीच रेकॉर्डिंग अ‍ॅप्स आणि व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट आवाज "स्वच्छ" करायला जातात, आणि त्यांच्या हिशोबात एकसुरी सतत चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, तो दाबून टाकायचा. तुम्हाला हवा असलेला टोन नेमका तसाच असतो. त्यापेक्षा स्कॅनरच्या हेडफोन जॅकमधून केबल काढून कॉम्प्युटरच्या इनपुटला द्या आणि ऑडॅसिटीत रेकॉर्ड करा, ते फुकट आहे. आवाज कमी ठेवा. वेव्हफॉर्मची डोकी सपाट कापली गेली की टोनच्या दुप्पट आणि तिप्पट फ्रिक्वेन्सीवर खोटी शिखरं उभी राहतात, मग ६००.९ चा टोन १२०० च्या आसपासही दिसतो आणि नवा माणूस चक्रावतो. तसं दिसलंच तर साधारणपणे सगळ्यात खालचं ठळक शिखर खरं.

तिसरी गोष्ट, मोड. व्हीएचएफ हाय बँडवर, म्हणजे १५४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या फायर चॅनलवर, १ जानेवारी २०१३ पासून नॅरोबँड सक्तीचं झालं, तेव्हा तिथे एनएफएम, म्हणजे नॅरोबँड एफएम, लावा, नाहीतर आवाज फारच बारीक येतो. पण पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क या भागात काही काउंट्या अजून ३३ आणि ४६ मेगाहर्ट्झच्या लो बँडवर पेजिंग करतात, त्या बँडला तो नियम लागू झाला नाही, तिथे साधा एफएम. तुमची लो बँड असेल तर अँटेनाचाही विचार करावा लागेल. १५४ ला पाव तरंगलांबीची अँटेना साधारण ४९ सेंटिमीटर होते, ४६ ला तीच १ मीटर ६३ सेंटिमीटर. स्कॅनरबरोबर आलेल्या छोट्या दांडीवर लो बँड चांगला येत नाही आणि खरखरीतून काढलेला आकडा भरवशाचा नसतो. साधी वायर मापाने कापून पोटमाळ्यावर उभी टांगली तरी जमीन-आसमानाचा फरक पडतो.

आता मोजायचं कसं. ऑडॅसिटीत रेकॉर्डिंग उघडलं की टोन वेव्हफॉर्ममध्ये डोळ्यांना दिसतात, बोलण्याचा भाग खडबडीत आणि टोनचा भाग सलग विटेसारखा. टोन एचा फक्त मधला भाग सिलेक्ट करा, कडा घेऊ नका, मग अ‍ॅनलाइझ मेन्यूत प्लॉट स्पेक्ट्रम. तिथे साइझ म्हणून एक आकडा असतो, तो लहान ठेवलात तर उत्तर ढोबळ येतं. सॅम्पल रेट ४४१०० असेल आणि साइझ १०२४ तर एकेक पायरी ४३ हर्ट्झची पडते, त्यात काहीच कळणार नाही. साइझ १६३८४ केलात तर पायरी साधारण २.७ हर्ट्झची आणि त्याला फक्त ०.३७ सेकंदाचा आवाज लागतो, म्हणजे टोन एची सुरुवात थोडी कापली गेली असली तरी भागतं. टोन बी लांब असतो, त्याला ३२७६८ घ्या, पायरी १.३५ हर्ट्झवर येते. सिलेक्शन मात्र त्या वेळेपेक्षा मोठं हवं. कर्सर शिखरावर नेलात की आकडा दिसतो, लिहून घ्या, मग बीचंही तसंच.

हा आकडा आला की तो तसाच्या तसा टाकायचा नाही, यादीशी ताडून बघायचा. मोटोरोलाच्या यादीतली एक ओळ अशी जाते: ३३०.५, ३४९.०, ३६८.५, ३८९.०, ४१०.८, ४३३.७, ४५७.९, ४८३.५, ५१०.५, ५३९.०. पुढची ओळ: ५६९.१, ६००.९, ६३४.५, ६६९.९, ७०७.३, ७४६.८, ७८८.५, ८३२.५, ८७९.०, ९२८.१. आणखीही ओळी आहेत, पण तुम्हाला रचना कळावी म्हणून या दोन दिल्या. प्रत्येक टोन आधीच्यापेक्षा साधारण ५.६ टक्क्यांनी वर. पेटी वाजवणाऱ्यांना हे लगेच पटेल, कारण पेटीवर शेजारच्या पट्टीचं अंतर ५.९ टक्के असतं, म्हणजे इथे शेजारचे दोन टोन जवळजवळ एका पट्टीच्या अंतरावर आहेत. ज्यांचा कान तयार आहे ते गाव ऐकूनच ओळखायला लागतात, आणि स्टेशनवरची जुनी माणसं तर झोपेतसुद्धा आपले टोन ओळखतात हे मी प्रत्यक्ष पाहिलंय, शेजारच्या गावाचे वाजले तर कूससुद्धा बदलत नाहीत.

पण मोटोरोलाशिवाय जनरल इलेक्ट्रिकचीही यादी आहे, टाइप ९९ म्हणतात, ती १५ हर्ट्झच्या पायरीने जाते: ५१७.५, ५३२.५, ५४७.५ अशी. इथे खरी बारीक नजर लागते. समजा तुमचं माप ७४५ आलं. मोटोरोलाचा ७४६.८ जवळ आहे आणि जनरल इलेक्ट्रिकचा ७४२.५ पण जवळच आहे, मधलं अंतर जेमतेम ४ हर्ट्झ. एका मापावरून ठरवू नका. दोन-तीन वेगवेगळ्या कॉलची मापं घ्या, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काउंटीतल्या बाकी जोड्याही मोजा. ७४७.२, ७४६.५, ७४५.९ अशी मापं येत असतील आणि बाकीचे टोनही मोटोरोलाच्या यादीवर बसत असतील तर निश्चिंतपणे ७४६.८ टाका. यादी मिसळलेल्या काउंट्याही असतात, जुन्या कंपनीचे टोन पहिल्यापासूनचे आणि नवीनचे दुसऱ्या यादीतले, तेव्हा एखादी जोडी बसत नाही म्हणून लगेच माप चुकलं असंही समजू नका. स्कॅनर किंवा पेजर थोडा फरक चालवून घेतो, त्यामुळे एखाद्या हर्ट्झने काही अडत नाही.

तुमच्या स्कॅनरमध्ये हे काम थोडं स्वतःहून करायचीही सोय आहे. टोन-आउट सेटअपमध्ये फ्रिक्वेन्सी टाका आणि टोन ए, टोन बी दोन्ही शून्य ठेवा, म्हणजे तो सर्चसारखा बसतो आणि जे टोन येतील ते स्क्रीनवर दाखवतो. पहिला अंदाज घ्यायला हे उत्तम. फक्त जोड्या एकामागून एक आल्या की बघता बघता आकडे बदलतात, म्हणून मी त्याच्यावर एकट्यावर विसंबत नाही, सोबत रेकॉर्डिंग ठेवतो. विंडोजवर टू-टोन-डिटेक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते इनपुटवर कान लावून बसतं आणि आलेले टोन लॉग करतं, दिवसभर घरी नसाल तर त्याचा फार उपयोग होतो. ज्यांच्याकडे बीसी१२५एटीसारखा स्वस्त स्कॅनर आहे त्यांनी लक्षात घ्या, त्यात टोन-आउट नाही, तिथे कॉम्प्युटरच लागेल.

इथपर्यंत काय झालं: पीएल वेगळा ठेवला, चॅनल होल्ड करून केबलने रेकॉर्ड केलं, जोड्या मोजल्या आणि यादीवर बसवल्या. आता तुमच्याकडे आकडे आहेत, पण मुलीच्या स्टेशनची जोडी कुठली?

यासाठी वहीला पर्याय नाही. मी साधा तक्ता ठेवतो, तारीख, वेळ, टोन ए, टोन बी, आणि डिस्पॅचरने पहिल्यांदा कुठल्या स्टेशनचं नाव किंवा नंबर घेतला. एकट्या स्टेशनचा कॉल असेल, म्हणजे जोडी एक आणि नाव एक, तर ती नोंद सोन्यासारखी. तीन जोड्या आणि तीन नावं असतील तर क्रम तोच असेल असं गृहीत धरू नका, बऱ्याचदा असतो पण नेहमी नाही, डिस्पॅचच्या कॉम्प्युटरने टोन एका क्रमाने सोडले आणि माणसाने नावं दुसऱ्या क्रमाने वाचली असं होतं. अशा नोंदीपुढे प्रश्नचिन्ह टाका आणि एकट्या कॉलची वाट बघा. एकाच कंपनीच्या दोन-तीन जोड्याही असू शकतात, फायरची एक, अ‍ॅम्ब्युलन्सची वेगळी, ऑफिसर लोकांची वेगळी. आणि ए सारखा पण बी वेगळा असंही दिसेल, म्हणून फक्त ए जुळला म्हणून आनंदून जाऊ नका.

सगळ्यात सोपा दिवस म्हणजे टेस्टचा. बऱ्याच काउंट्यांमध्ये ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी पेजर टेस्ट असते, डिस्पॅचर एकेका स्टेशनचे टोन सोडतो आणि नाव घेतो. ते एक रेकॉर्डिंग मिळालं तर कित्येक दिवसांचं ऐकणं वाचतं. तुमच्या काउंटीची वेळ मुलीला नक्की माहीत असेल, कारण टेस्टला पेजर वाजला नाही तर चार्ज केलाय का म्हणून विचारतात.

आणि आता खरं तर जे मी सगळ्यात आधी करेन ते सांगतो. तुम्ही अनोळखी माणूस नाही, तुमची मुलगी त्या कंपनीत आहे. स्टेशनवर जाऊन रेडिओचं काम बघणाऱ्या ऑफिसरला किंवा चीफला सरळ विचारा. पेजरमध्ये टोन भरताना त्यांच्याकडे यादी असतेच. माझ्या अनुभवात घरच्यांनी असं विचारलं तर लोक आनंदाने सांगतात, त्यांच्या घरीही बायको-मुलं असंच ऐकत असतात. नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, वरचा रस्ता आहेच. मिळाले तरी एक टेस्ट ऐकून पडताळून घ्या, कारण कागदावरची यादी जुनी असू शकते. मुलीचा पेजर स्वतः उघडून वाचायचा प्रयत्न मात्र करू नका, तो कंपनीचा आहे आणि त्यातलं प्रोग्रॅमिंग हललं तर एखाद्या रात्री तिला हाक ऐकूच येणार नाही.

टोन हाती आले की टोन-आउटमध्ये फ्रिक्वेन्सी, मोड, ए, बी भरा, अलर्टचा आवाज चालू करा आणि डिले असा ठेवा की डिस्पॅचरचं पूर्ण वाक्य ऐकू येईल. मधे डिस्पॅचर श्वास घ्यायला थांबतो, पत्ता दुसऱ्यांदा वाचतो, डिले फार कमी असेल तर नेमका पत्ता राहतो. आणि हेही लक्षात असू द्या की टोन-आउटच्या मोडमध्ये असताना स्कॅनर बाकीचे चॅनल फिरत नाही. आगीच्या ठिकाणचं बोलणंही ऐकायचं असेल तर दुसरा रिसीव्हर लागेल, नाहीतर कॉल आल्यावर हाताने स्कॅनवर जावं लागेल.

त्यातही एक अडचण येऊ शकते. बऱ्याच काउंट्यांचं कामाचं बोलणं आता पी२५ या डिजिटल रेडिओ पद्धतीवर गेलंय आणि तुमचा स्कॅनर अ‍ॅनालॉग आहे, ते त्याला ऐकू येणार नाही. पेजिंग मात्र बऱ्याच ठिकाणी जुन्या अ‍ॅनालॉग चॅनलवर चालू ठेवलंय कारण लोकांच्या कमरेचे पेजर अ‍ॅनालॉग आहेत, शिवाय पी२५ चा आवाज दाबणारा कोडेक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलाय, शुद्ध टोन त्यातून जाताना वेडेवाकडे होतात. म्हणून डिजिटल चॅनलच्या रेकॉर्डिंगवरून टोन मोजू नका, अ‍ॅनालॉग चॅनल आहे का ते आधी शोधा. पुढेमागे काउंटीने डिजिटल पेजर घेतले, जसे युनिकेशनचे जी४ आणि जी५, आणि अ‍ॅनालॉग बंद केलं तर हा सगळा मार्गच बंद होईल. एनक्रिप्शन असेल तर विषय तिथेच संपला, ते उघडायच्या भानगडीत पडायचं नाही.

कायद्याचं थोडक्यात. १९८६ च्या फेडरल कायद्यात, इलेक्ट्रॉनिक कम्युनिकेशन्स प्रायव्हसी अ‍ॅक्टमध्ये, फायर-पोलिसचं सर्वांना सहज ऐकू येणारं बोलणं ऐकायला मुभा आहे. पण व्यावसायिक पेजिंग कंपन्यांवरून जाणारे मजकुराचे मेसेज, हॉस्पिटलच्या डॉक्टरांचे वगैरे, ते डिकोड करणं वेगळं आणि त्याला मुभा नाही, एसडीआरचा डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) घेतला की लोक हौसेने तिकडे वळतात म्हणून सांगतोय. गाडीत स्कॅनर ठेवण्याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे, न्यूयॉर्कमध्ये पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी ऐकू येणारा रिसीव्हर गाडीत लावायला तिथल्या वाहन कायद्याचं कलम ३९७ आडवं येतं, हॅम लायसन्सवाल्यांना त्यात सवलत आहे. तुम्ही वीकेंडला राज्याबाहेर जाणार असाल तर स्कॅनर घरी ठेवा किंवा आधी नियम बघून घ्या.

पुण्याला भावाला पाठवायचा विचार मात्र सोडून द्या. भारतात १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासूनच परवान्याशिवाय वायरलेस उपकरण जवळ बाळगायला मनाई आहे, ऐकण्यापुरतं असलं तरी. कस्टमवर अडकेल आणि भावाला उगीच त्रास. त्याला खरंच आवड असेल तर हॅमची परीक्षा देऊ दे, मग तो कायदेशीरपणे ऐकेलही आणि बोलेलही.

दोन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. टोन माहीत झाले की ते वाजवून बघायचा मोह होतो. स्पीकरवर घरात वाजवा, हरकत नाही. पण ट्रान्समीटर असलेल्या कुठल्याही रेडिओवरून ते कधीही जाता कामा नयेत. स्वस्तातले बाओफेंगसारखे हँडहेल्ड त्या फ्रिक्वेन्सीवर ट्रान्समिट करू शकतात, चुकून बटण दाबलं गेलं तरी पंचाहत्तर माणसं रात्री दोन वाजता अंथरुणातून उठून गाडी पळवत स्टेशनला येतील, बर्फात, पावसात, आणि त्यात कुणाचा तरी जीव जाऊ शकतो. तुमच्याकडे तसा रेडिओ असेल तर ते चॅनल फक्त ऐकण्यापुरतेच प्रोग्रॅम करा, ट्रान्समिट बंद ठेवून.

दुसरं, पत्ता ऐकला म्हणून तिथे बघायला जाऊ नका आणि तो कुठल्या ग्रुपवर टाकू नका. डिस्पॅचमध्ये कुणाच्या घरात कोण बेशुद्ध पडलंय हे उघड बोललं जातं, छोट्या गावात पत्त्यावरून माणूस ओळखू येतो. मुलगी परत आली की तिलाही लगेच काय झालं म्हणून खोदून विचारू नका, तिच्यावरही कंपनीचे नियम आहेत. तिला बोलायचं असेल तेव्हा ती बोलेल, तुम्ही जागे आहात एवढं तिला दिसलं तरी पुरे.

हे सगळं करूनही स्कॅनर गप्प राहिला तर पुढच्या वेळी लिहिताना एवढं द्या: फ्रिक्वेन्सी, मोड, एक जोडी आणि त्यानंतरचं पहिलं वाक्य असलेलं वेव्ह फॉरमॅटमधलं रेकॉर्डिंग, एमपी३ नको, आणि टोन-आउटच्या सेटिंगचा फोटो. रेकॉर्डिंगमध्ये कुणाचा पत्ता किंवा आजारपण असेल तर तो भाग कापून पाठवा, मला फक्त टोन हवेत. आकडे मी मोजून देईन, पण स्टेशन कुठलं ते तुमच्या वहीनेच सांगायला हवं.